भाजणीचें प्रमाण

इतिहास म्हटला कीं आपल्यापुढें गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. साताऱ्याविषयीं लिहावयाचें तर अजिंक्यताऱ्यापासून आरंभ करावा आणि सांगलीविषयीं लिहावयाचें तर पटवर्धनांच्या गणेशदुर्गापासून, असा जणूं नेमच होऊन बसला आहे. परंतु या दोन्ही जिल्ह्यांतील असंख्य घरांच्या फळीवर पिठाचा एक डबा पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेला आहे. त्याच्या पूर्ववृत्ताची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. तो डबा भाजणीचा. वस्तु क्षुल्लक खरी. पण क्षुल्लक वस्तूंत समाजाची बुद्धि किती साठलेली असते, हें पाहावयाचें असेल तर याहून चांगलें उदाहरण सहसा सांपडणार नाहीं.

धान्यें आणि डाळी निरनिराळीं भाजून, मग एकत्र करून दळलेलें पीठ म्हणजे भाजणी. ती तयार असली कीं पाहुणा अवचित दारांत उभा राहिला तरी गृहिणी गडबडत नाहीं. त्याच पिठाचें थालीपीठ होतें, कडबोळीं होतात, वडे होतात. चकलीची भाजणी वेगळी, उपासाची वेगळी. पण तत्त्व एकच. एका दिवसाचा खटाटोप करून महिन्याभराची सोय करून ठेवावयाची. श्रमांची ही एक प्रकारची ठेवच होय, आणि ती बुडूं नये म्हणून केलेली योजना मोठी विचाराची आहे.

पाश्चात्त्य देशांतही अशी ठेव करण्याची कल्पना निघाली, पण ती कारखान्याच्या वाटेनें. १८४५ सालीं ब्रिस्टल येथील हेन्री जोन्स यानें आपोआप फुगणाऱ्या पिठाचें पेटंट घेतलें. १८८९ सालीं अमेरिकेंत मिसूरी राज्यांतील सेंट जोसेफ गांवीं धिरड्यांसारख्या पॅनकेकचें तयार पीठ निघालें. पुढें १९३१ सालीं जनरल मिल्स या कंपनीनें ‘बिस्क्विक’ नांवाचें मिश्रण बाजारांत आणलें. त्यांत गव्हाचें पीठ, फुगविणारा क्षार, मीठ आणि चरबी हीं सर्व अगोदरच कालविलेलीं होतीं. या मिश्रणाचें अनुकरण करून तिकडील गृहिणी तसेंच पीठ घरीं करून ठेवूं लागल्या. आपल्याकडे क्रम याच्या उलट. येथें मिश्रण आधीं घरांत जन्मलें आणि दुकानांत फार उशिरा गेलें.

दोहोंची घडणही भिन्न आहे, आणि या भिन्नतेस सबळ कारणें आहेत. गव्हांत असलेल्या चिकट द्रव्यामुळें त्याचें पीठ वायु धरून ठेवतें व भट्टींत फुगतें. जोंधळा, बाजरी, तांदूळ यांत तें द्रव्य नाहीं; शिवाय आमच्या स्वयंपाकघरांत भट्टी नव्हती, तवा आणि कढई होती. म्हणून आम्हीं फुगविण्याचा नाद धरला नाहीं, खुसखुशीतपणा साधला. पीठ मिळून यावें म्हणून उडीद घातला. त्याच्या अंगच्या बुळबुळीतपणानें थालीपीठ थापतांना सहसा फाटत नाहीं. तिकडच्या मिश्रणांत स्निग्ध पदार्थ आधींच असल्यामुळें तें खवट होण्याची भीति असते. आमच्याकडे चकलीस मोहन घालावयाचें तें ऐन वेळीं, तेल कडकडीत तापवून. पाणी आणि तेल दोन्ही डब्याबाहेर ठेवावयाचीं, एवढ्या साध्या नियमावर ही ठेव टिकली.

भाजण्याचें कारणही केवळ खमंगपणा नव्हे. बाजरीचें कच्चें पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतें, कारण त्यांतील स्निग्धांश धान्याच्याच पाचक द्रव्यांमुळें विघटित होऊं लागतो. भाजल्यानें ओल जाते आणि त्या द्रव्यांचें बळही बरेंच कमी होतें. हें शास्त्र अलीकडचें. पण प्रत्येक धान्य वेगळें भाजावें, कारण तांदूळ आणि डाळ एकाच वेळीं तांबूस होत नाहींत. पूर्ण निवल्यावांचून दळावयास देऊं नये, नाहींतर वाफ धरून पिठाला जाळी येते, हे नियम जुन्या बायका चोख पाळीत. त्यांच्याजवळ कारणमीमांसा नसेल, निरीक्षण मात्र निर्दोष होतें. तृणधान्यांत जें पोषक द्रव्य तोकडें असतें, त्याची भरपाई डाळींनीं होते हेंही आतां सर्वमान्य आहे.

भाजलेल्या धान्याच्या पिठाची परंपरा फार जुनी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत चाळणीनें चाळलेल्या सक्तूचा दृष्टांत आला आहे. आपलें सातूचें पीठ त्याच शब्दाचें वंशज. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत अन्नभोगाचें प्रकरण आहे आणि तेथें अनेक डाळी एकत्र करून केलेला विदलपाक सांगितला आहे. यावरून आजची भाजणी थेट राजाच्या मुदपाकखान्यांतून आली असें अनुमान काढणें धाडसाचें होईल. एवढें मात्र निश्चित कीं, भाजणें आणि मिसळणें या दोन्ही क्रिया या भूमीस परक्या नव्हत्या.

आतां साताऱ्या-सांगलीकडे वळूं. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचे मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. दप्तरांतील ही विभागणी स्वयंपाकघराला ठाऊक नाहीं. तेथील सीमा पावसानें आंखलेली आहे. महाबळेश्वरीं वर्षास ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माणदेशांत सुमारें ५००. म्हणून पाटण-जावळीकडे तांदूळ आणि नाचणी, माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूस जोंधळा, बाजरी, हुलगा, मटकी. घरांत जें पिकतें तेंच डब्यांत जातें. एक प्रचलित प्रमाण असें: जोंधळा चार वाट्या, बाजरी दोन, तांदूळ दोन, हरभऱ्याची डाळ दोन, गहूं एक, उडीद एक, मटकी एक, धणे अर्धी वाटी, जिरें दोन चमचे. पण हें प्रमाण शिलालेख नव्हे. बाजरी कमी पिकली तर जोंधळा वाढवावा, मटकी नसली तर मूग घालावे. समजूतदार हात त्या वर्षाच्या हंगामाशीं तडजोड करतो.

येथेंच भाजणीचें खरें मर्म आहे. तिच्यांत वजन महत्त्वाचें नाहीं, प्रमाण महत्त्वाचें आहे. जुन्या काळीं दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली अशीं मापें चालत. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें-मापें आलीं आणि क्रमाक्रमानें पायली-शेरांचें राज्य गेलें. बाजाराचा हिशेब बदलला. भाजणीस त्याचा धक्काही लागला नाहीं. चारास दोन हें पायलीनें घ्या, वाटीनें घ्या, कीं किलोनें, पीठ तेंच. राज्यें गेलीं, संस्थानें विलीन झालीं, मापें बदललीं. सासूनें सुनेस तोंडीं सांगितलेलें गुणोत्तर टिकून राहिलें.

परंतु तोंडीं ज्ञानाचें एक दैन्य असतें. तें ज्याच्या जिभेवर असतें त्याच्याबरोबर जातें. जातें होतें तोंवर दळण हें पहाटेचें कष्टाचें काम होतें. गिरणी आली तेव्हां तो भार उतरला, हें चांगलेंच झालें. पण त्याबरोबर दळतांना गाइलेली ओवीही मुकी होऊं लागली. तिचें मोल ओळखून गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनीं खेड्यापाड्यांतून लाखभर ओव्या गोळा करविल्या, हे महाराष्ट्रावर उपकारच आहेत. जात्याच्या तोंडीं घातलेल्या धान्याचें प्रमाण मात्र तितक्या निगुतीनें गोळा केलेलें दिसत नाहीं. गाणें हें वाङ्मय ठरलें; प्रमाण हें नुसतें घरकाम ठरलें.

ही उणीव पुष्कळ अंशीं भरून काढण्याचें श्रेय याच प्रदेशाच्या एका कन्येकडे जातें. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालीं छापला गेला होता. पण कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालीं निघाली आणि ती घरोघर गेली. त्यांचा जन्म १९१३ सालचा, हल्लींच्या सांगली जिल्ह्यांतील कुंडल गांवचा, शिक्षण चौथीपर्यंतचें, पाकविद्या सासरीं सांगलीस सासूच्या हाताखालीं मिळविलेली. त्यांनीं तराजू मागितला नाहीं. वाटी आणि चमचा हींच मापें धरलीं. घर सोडून दूर गेलेल्या ज्या मुलीस सांगावयास सासू जवळ नव्हती, तिला तें पुस्तक सासूच्या जागीं झालें. विद्यापीठाची पदवी नसलेल्या बाईनें केलेलें हें ज्ञानसंकलन आम्हां पदवीधरांच्या कित्येक प्रबंधांहून अधिक वाचलें आणि वापरलें गेलें आहे.

तथापि या डब्याचें वर्णन करतांना दुसरी बाजू झांकून चालणार नाहीं. सात-आठ धान्यें एकाच वेळीं ज्या घरांत असतात, तें घर अगदींच निर्धन नव्हे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत माणदेशच्या लोकांपुढें प्रमाणाचा प्रश्नच नव्हता, धान्याचाच होता. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडणाऱ्या मजुरांना आणि त्यांच्या मुलांना सुकडी वांटण्यांत आली. पीठ, गूळ इत्यादींचें तें तयार मिश्रण भाजणीच्याच जातीचें. घरानें केलेली तरतूद जेथें अपुरी पडली, तेथें ती सरकारला करावी लागली. आणि करतांना मार्ग मात्र घराचाच धरावा लागला.

आतां भाजणी पिशवींतून विकत मिळते. नोकरी करणाऱ्या स्त्रीनें ती आणली तर तिला नांवें ठेवणें अन्यायाचें आहे. जात्याचे दिवस परत यावेत अशी इच्छा त्यांचीच असते, ज्यांना कधीं दळावें लागलें नाहीं. पण पिशवींतलें प्रमाण दुसऱ्याचें असतें. तें आपल्या शिवारांतील पीकपाणी पाहून बदलत नाहीं. घरचें प्रमाण हरवलें म्हणजे एक पदार्थ हरवतो असें नव्हे. आहे त्या धान्यांत भागविण्याची अक्कल हरवते. म्हणून दळण कोणींही आणो, ज्या घरांत एखादी वृद्धा अजून ‘चारास दोन’ सांगूं शकते, तेथील मुलांनीं आणि, विशेषेंकरून सांगतों, मुलग्यांनींही तें एका वहींत उतरून ठेवावें. गांव, साल आणि सांगणारीचें नांव त्याखालीं लिहावें. दप्तरखान्यांतील कागदांस आपण जो मान देतों, त्याहून कमी मान त्या वहीस देण्याचें कारण नाहीं.