ड्रॉइंगमास्तरांची एम्. ए.



आपणांपैकीं बहुतेकांच्या शाळेच्या आठवणींत एक ड्रॉइंगमास्तर असतीलच. स्नेहसंमेलन आलें, कीं पडदे त्यांनीं रंगवावयाचे. पाहुणे आले, कीं फळ्यावर स्वागताचीं अक्षरें त्यांनीं काढावयाचीं. आणि गणिताच्या शिक्षकांस तास कमी पडला, कीं तो ड्रॉइंगच्या तासांतून कापून घ्यावयाचा, असा जणूं अलिखित नियम असे. हा शिक्षक विद्यापीठाचा एम्. ए. होऊं शकतो, आणि तोहि इतिहासांत किंवा संस्कृतांत नव्हे, तर मुलांना चित्रकला कशी शिकवावी याच विषयांत, हें ऐकून कित्येकांस आजहि नवल वाटतें. ही पदवी जन्मास आली कशी, आणि ती घेणाऱ्या एका शिक्षिकेच्या आयुष्यांत तिनें काय केलें व काय केलें नाहीं, हें आज सांगण्याचें योजिलें आहे.

आरंभ करावा लागतो तो लंडनपासून. इंग्लंडांत यंत्रांतून कापड, भांडीं व गालिचे यांचे ढीग बाहेर पडूं लागले; पण त्यांवरील नक्षी फ्रेंच मालापुढें फिकी पडते, अशी तेथील व्यापाऱ्यांची ओरड होती. म्हणून सन १८३७ मध्यें सरकारनें ‘स्कूल ऑफ डिझाइन’ काढलें. पुढें १८५१ च्या जंगी प्रदर्शनानंतर हेन्री कोल या कर्तबगार अधिकाऱ्यानें तें सारें काम हातीं घेतलें, आणि १८५३ पासून ‘सायन्स अँड आर्ट डिपार्टमेंट’ या नांवाखालीं चित्रकलेच्या शिक्षणाची लष्करी शिस्तीची व्यवस्था उभी केली. रिचर्ड रेडग्रेव्ह या चित्रकारानें अभ्यासक्रम आखला. त्याच्या पायऱ्या तेवीस! पहिल्या पायरीवर पट्टी-कंपासनें रेषा, दुसरीवर छापील नमुन्यावरून मोकळ्या हातानें बाह्यरेषा, पुढें छाया, पुढें प्लास्टरचे पुतळे, आणि अशा कैक पायऱ्या चढून गेल्यावर मग कोठें जिवंत मनुष्याकृति. एकेका पुतळ्याची छाया बारीक ठिपक्यांनीं भरण्यांत विद्यार्थ्यांचे महिनेच्या महिने जात. याच पायऱ्यांच्या परीक्षा देऊन शिक्षक प्रमाणपत्रें मिळवीत, आणि आपल्या मुलांनीं परीक्षेंत काय यश मिळविलें, यावर त्यांची प्राप्ति बव्हंशीं अवलंबून राही. या व्यवस्थेंत शिक्षक हा एका मोठ्या यंत्राचें चाक होता. चाकानें विचार करावा, अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

१८५७ मध्यें हें खातें साउथ केन्सिंग्टन भागांत हलविण्यांत आलें, आणि त्या भागाचें नांव या पद्धतीस चिकटलें. त्याच वर्षीं मुंबईंत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीनें त्यांच्या नांवाचें कलाविद्यालय सुरू झालें. साउथ केन्सिंग्टनचें वळण तेथेंहि आलें. १८९३ मध्यें ड्रॉइंगशिक्षक तयार करण्याचा वर्ग तेथें निघाला, आणि त्यांतून बाहेर पडलेले मास्तर जिल्ह्याजिल्ह्यांच्या शाळांत गेले. रावबहादुर धुरंधरांनीं याच संस्थेंतील आपल्या दिवसांची हकीकत ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या पुस्तकांत लिहून ठेविली आहे. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षा महाराष्ट्रांतील मुलें आजहि देतात. त्यांतील स्मरणचित्र, भूमिति आणि अक्षरलेखन यांच्या पत्रिका पाहिल्या, म्हणजे त्या जुन्या पायऱ्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. मीं या परीक्षांची निंदा करीत नाहीं. पुष्कळांच्या हातास त्यांनींच वळण लावलें. पण हातास वळण लावणें वेगळें आणि दृष्टि देणें वेगळें.

अमेरिकेनेंहि प्रथम हेंच यंत्र विकत घेतलें. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील कारखानदारांची तक्रार इंग्लंडांतील व्यापाऱ्यांसारखीच होती. तेथें १८७० मध्यें कायदा झाला, कीं दहा हजारांहून अधिक वस्तीच्या प्रत्येक शहरानें पंधरा वर्षांवरील लोकांस औद्योगिक ड्रॉइंग फुकट शिकविण्याची सोय करावी. आतां शिकवावयास माणसें कोठून आणावयाचीं? साउथ केन्सिंग्टनच्या तालमींत तयार झालेला वॉल्टर स्मिथ १८७१ मध्यें बोस्टनला आला, आणि १८७३ मध्यें ‘मॅसॅच्युसेट्स नॉर्मल आर्ट स्कूल’ ही केवळ ड्रॉइंगशिक्षकांसाठीं काढलेली शाळा उघडली. तिचा हेतु मात्र जुनाच होता: कारखान्यास उपयोगी पडणारा हात.

हें यंत्र ज्यानें आंतून बदललें, तो आर्थर वेस्ली डाउ हाहि मॅसॅच्युसेट्सचाच, आणि जन्मला तोहि १८५७ मध्येंच. पॅरिसला जाऊन तो तेथील रीतीनें चित्रकला शिकून आला होता. पण मनाचें समाधान झालें नव्हतें. १८९१ मध्यें बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयांत होकुसाई या जपानी चित्रकाराच्या चित्रांचें एक पुस्तक त्याच्या हातीं आलें. वर्षानुवर्षें पुतळ्यांच्या नकला करून जें कळलें नव्हतें, तें त्या पुस्तकाच्या पानांत त्याला दिसलें. पुढें बोस्टनच्या संग्रहालयांतील जपानी विभागाचे प्रमुख अर्नेस्ट फेनोलोसा यांचा सहवास त्यास लाभला, आणि १८९९ मध्यें ‘कॉम्पोझिशन’ हें त्याचें पुस्तक बाहेर आलें. रेषा, ‘नोतान’ म्हणजे काळ्या-पांढऱ्याची जुळणी, आणि रंग, या तिहींच्या मांडणींत चित्रकला आहे. निसर्गाची हुबेहुब नक्कल करण्यांत नाहीं, असें त्याचें म्हणणें. मुलाला तो एक साधा चौकोन देई आणि सांगे, हा रेषांनीं असा विभाग, कीं पाहणाऱ्यास बरें वाटेल.

येथें क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षांत घ्यावी. पुतळ्याची नक्कल बरोबर आहे कीं चूक, हें कंपास लावून सांगतां येतें. तेवढें काम प्रमाणपत्र मिळविलेला कोणीहि शिक्षक करूं शकेल. पण चौकोन सुंदर विभागला आहे कीं नाहीं, हें सांगण्यास कंपास उपयोगी नाहीं. तेथें शिक्षकाचा विवेक लागतो, चार देशांची कला पाहिलेली नजर लागते, आणि समोरच्या मुलाचें मन कळावें लागतें. डाउच्या त्या एका चौकोनानें ड्रॉइंगमास्तराचें काम एकदम अवघड करून टाकलें. चित्रकलेच्या शिक्षकास विद्यापीठांत जाण्याचें खरें कारण माझ्या मतें त्या चौकोनांत आहे. प्रतिष्ठेची हांव त्यामागून आली.

१९०४ मध्यें डाउ न्यूयॉर्कच्या ‘टीचर्स कॉलेजां’त कलाविभागाचा प्रमुख म्हणून गेला, आणि १९२२ मध्यें मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिला. १८८७ मध्यें निघालेली ही शिक्षकांची संस्था १८९८ मध्यें कोलंबिया विद्यापीठाशीं जोडली गेली होती. कोलंबियाचें नांव महाराष्ट्रास परकें नाहीं, डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ पर्यंत तेथें होते, आणि १९१५ मध्यें त्यांनीं तेथील एम्. ए. घेतली. नेमक्या त्याच काळांत, १९१४–१५ मध्यें, जॉर्जिया ओकीफ ही तरुणी टीचर्स कॉलेजांत डाउकडे शिकत होती. पुढें ती टेक्सासमधील एका नॉर्मल कॉलेजांत कला शिकवावयास गेली, आणि अखेर अमेरिकेची थोर चित्रकर्ती झाली. एम्. ए. मात्र तिनें कधींच घेतली नाहीं, हेंहि प्रांजलपणें सांगितलें पाहिजे.

आपल्याकडे काय झालें, तें एका वाक्यांत सांगण्याजोगें आहे. मुंबईचें कलाविद्यालय आणि मुंबई विद्यापीठ हीं दोन्ही १८५७ चींच अपत्यें, एकाच शहरांतलीं. आणि त्या विद्यालयानें विद्यापीठाशीं संलग्न होण्यास १९८१ साल उजाडावें लागलें!

आतां त्या शिक्षिकेकडे वळूं. अल्मा थॉमस यांचा जन्म १८९१ मध्यें दक्षिणेकडील जॉर्जिया संस्थानांत कोलंबस गांवीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. त्या गांवीं काळ्या मुलांस सार्वजनिक ग्रंथालयांत प्रवेश नव्हता. १९०६ मध्यें अटलांटा शहरांत गोऱ्या जमावांनीं काळ्या लोकांची कत्तल केली, आणि पुढच्याच वर्षीं थॉमस कुटुंबानें वॉशिंग्टनची वाट धरली. तेथेंहि शाळा वेगळ्याच होत्या. परंतु काळ्यांसाठीं कां होईना, बऱ्या शाळा होत्या. अल्मेच्या मनांत वास्तुशिल्पी होण्याचें होतें. त्या काळीं काळ्या मुलीला ती वाट बंदच होती म्हणाना. ती बालवर्गाची शिक्षिका झाली, कांहीं वर्षें डेलावेअरमध्यें नोकरी केली, आणि तिसाव्या वर्षीं, १९२१ मध्यें, हॉवर्ड विद्यापीठांत पुन्हा विद्यार्थिनी होऊन बसली. गेली होती पोशाखांची कल्पकता शिकावयास. पण जेम्स हेरिंग यांनीं तेथें नव्यानेंच काढलेल्या कलाविभागांत त्यांनीं तिला ओढलें. १९२४ मध्यें त्या विभागाची पहिली पदवीधर तीच. नंतर वॉशिंग्टनच्या शॉ ज्युनियर हायस्कुलांत थॉमसबाई चित्रकला शिकवूं लागल्या, आणि पस्तीस वर्षें तेथेंच राहिल्या.

त्या काळीं दक्षिणेंतील संस्थानांच्या विद्यापीठांत काळ्या शिक्षकांस पदवीनंतरचें शिक्षण मिळत नसे. म्हणून उन्हाळ्याची सुट्टी लागली, कीं शेंकडों काळ्या शिक्षक-शिक्षिका उत्तरेकडील विद्यापीठांच्या उन्हाळी वर्गांस जात. थॉमसबाईंनींहि तीच वाट धरली. दहा महिने मुलांना शिकवावयाचें, आणि उरलेल्या सुट्टींत न्यूयॉर्कला जाऊन स्वतः शिकावयाचें. १९३४ मध्यें, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं, टीचर्स कॉलेजांतून त्यांना कलाशिक्षणाची एम्. ए. मिळाली.

प्रबंधाचा विषय होता कळसूत्री बाहुल्या! आपल्याकडे पिंगुळीच्या ठाकरांच्या बाहुल्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांना यांत हंसण्यासारखें कांहीं वाटणार नाहीं. एक बाहुली नाचवावयाची, तर लांकूड कोरावें लागतें, अंगरखा शिवावा लागतो, मुखवटा रंगवावा लागतो, उजेडाचा हिशेब करावा लागतो, गोष्ट रचावी लागते, आणि चार मुलांना एकमेकांशीं न भांडतां दोऱ्या ओढाव्या लागतात. तेवीस पायऱ्यांच्या अभ्यासक्रमांत मुलाच्या वांट्यास जें कधींच येत नसे, तें सारें या एका खेळांत एकत्र येतें. थॉमसबाईंपुरतें त्याला आणखीहि एक कारण होतें. वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध नॅशनल थिएटरचे दरवाजे काळ्या प्रेक्षकांस बंद होते. बाहुल्यांच्या खेळानें त्यांच्या मुलांपुढें रंगभूमीच आणून ठेविली. पुढच्या उन्हाळ्यांत त्या टोनी सार्ग या नामांकित बाहुलेवाल्याकडेहि शिकून आल्या.

पदवीचा उपयोग त्यांनीं शाळेच्या भिंतींवरहि केला. १९३८ मध्यें हॉवर्ड विद्यापीठाच्या संग्रहांतून चित्रें उसनीं आणून त्यांनीं आपल्या शाळेंत एक चित्रदालन उघडलें. शहराच्या सरकारी शाळांतील तें पहिलें होय. ज्या मुलांना चित्रें पाहावयास जाण्याजोगी जागा नव्हती, त्यांना खरीं चित्रें वर्गाच्या शेजारीं पाहावयास मिळूं लागलीं.

तथापि या कथेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. या पदवीनें थॉमसबाईंना चित्रकर्ती केलें, असें म्हणणें खोटें होईल. उलट, वर्षाचे दहा महिने दुसऱ्यांच्या मुलांचे हात धरण्यांत गेले, आणि उन्हाळे अभ्यासांत गेले. स्वतःच्या चित्राला उरलें काय? साठीच्या उंबरठ्यावर आल्यावर त्या अमेरिकन युनिव्हर्सिटींत संध्याकाळच्या व शनिवारच्या वर्गांत चित्र काढण्यास पुन्हा विद्यार्थिनी म्हणून बसल्या. शिकविणें कलावंताला खाऊन टाकतें, असें कलावंत मंडळी पुष्कळदां म्हणतात. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें मला म्हणवत नाहीं. पस्तीस वर्षें ही कांहीं थोडी किंमत नव्हे. पण पस्तीस वर्षें मुलांबरोबर रंग कालवीत राहिल्यावर डोळा मरतो, हें मात्र या बाईंनीं खोटें पाडलें.

१९६० मध्यें त्या निवृत्त झाल्या. हातांस संधिवात जडला होता. घराच्या खिडकीबाहेर हॉलीचें झाड होतें. त्याच्या पानांतून गळणारा उजेड त्या पाहत बसत, आणि त्यांतूनच रंगाचे लहान लहान तुकडे एकाशेजारीं एक ठेवण्याची त्यांची रीति सांपडली. १९६६ मध्यें हॉवर्ड विद्यापीठानें त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन भरविलें. त्याच वर्षीचें ‘रेझरेक्शन’ हें चित्र पुढें २०१५ मध्यें व्हाइट हाउसच्या भोजनगृहांत लागलें. तेथील संग्रहांत कृष्णवर्णीय स्त्रीचें असें तें पहिलेंच. तें पाहावयास मात्र बाई नव्हत्या. १९७८ मध्यें त्या निवर्तल्या होत्या. परंतु १९७२ मध्यें न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानें केवळ त्यांच्या एकटीच्या चित्रांचें प्रदर्शन मांडलें, आणि तो मान मिळालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून त्या तेथें उभ्या राहिल्या, तेव्हां त्यांचें वय ऐंशी वर्षांचें होतें. अडतीस वर्षांपूर्वीं बाहुल्यांवरच्या प्रबंधासाठीं त्या उन्हाळ्यांत याच शहरांत येत असत.