राधानगरी परिसरातील कावळे

राधानगरी परिसरातील कावळे हे कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुका आणि त्यातील राधानगरी वन्यजीव अभयारण्य येथे आढळणारे कावळा कुळातील पक्षी होत. या परिसरात गावकावळा आणि डोमकावळा अशा दोन जाती आढळतात. या दोहोंची ओळख पटल्यास एखाद्या ठिकाणी मनुष्यवस्तीचा प्रभाव कोठवर पोहोचला आहे, याचा साधा अंदाज बांधता येतो.

नाव आणि वर्गीकरण

इंग्रजीत क्रो, रूक आणि रेव्हन अशी तीन वेगळी नावे असलेल्या पक्ष्यांना मराठी बोलीत सरसकट ‘कावळा’ म्हटले जाते. त्यामुळे परदेशी पुस्तकांतील रूकचे वर्णन वाचून डोमकावळ्यालाच रूक समजण्याचा घोटाळा होऊ शकतो. रूक हा युरोप व आशियाच्या समशीतोष्ण प्रदेशातील पक्षी असून भारतीय उपखंडात तो वायव्येकडील भागात, काश्मीर-पंजाबच्या बाजूस, हिवाळी पाहुणा म्हणून येतो. सह्याद्री त्याच्या आढळक्षेत्रात येत नाही.

गावकावळ्याचे शास्त्रीय नाव कॉर्व्हस स्प्लेंडेन्स असे आहे. डोमकावळ्याचे, अर्थात रानकावळ्याचे, कॉर्व्हस क्युल्मिनेटस हे नाव कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांचे वर्णन करताना दिले. काही पक्षिसूचींमध्ये ही स्वतंत्र जाती मानली जाते, तर काहींमध्ये तिचा समावेश मोठ्या चोचीच्या आशियाई कावळ्याच्या उपजातींत केला जातो.

ओळख

गावकावळा सुमारे ४० सेंमी लांबीचा व सडपातळ असतो. त्याची मान, मानेची मागील बाजू आणि छाती राखाडी असून उर्वरित शरीर काळे असते. डोमकावळा त्याहून मोठा व दणकट, सर्वांगाने चकचकीत काळा असतो. त्याची चोच जाड असून वरचा भाग ठळकपणे कमानदार असतो.

धुके, पावसाने भिजलेली पिसे किंवा पाठीमागून येणारा प्रकाश यांमुळे गावकावळ्याचा राखाडी रंग दिसेनासा होतो. अशा वेळी केवळ रंगावर विसंबून न राहता चोचीचा आकार पाहावा व आवाज ऐकावा. गावकावळ्याची ‘काव काव’ किंचित अनुनासिक व चढ्या सुरातील असते. डोमकावळ्याचा आवाज खोल, भरदार व घोगरा असतो.

प्रौढ रूकच्या चोचीच्या बुडाशी पिसे नसलेली फिकट, खरबरीत त्वचा असते, चोच निमुळती असते आणि मांड्यांवरील पिसे सैल लोंबतात. ही लक्षणे डोमकावळ्यात नसतात. रूक उंच झाडांवर वसाहत करून एकत्र घरटी बांधतो. डोमकावळ्याची जोडी मात्र स्वतंत्र घरटे करते.

कोतवाल, कोकीळ नर, भारद्वाज आणि जलाशयावरील पाणकावळा या काळ्या पक्ष्यांशीही नवख्या निरीक्षकाची गल्लत होते. कोतवालाची शेपटी दुभंगलेली असते, कोकीळ नराचे डोळे लाल असतात, भारद्वाजाचे पंख तांबूस असतात, तर पाणकावळा पाण्यात बुडी मारून मासे पकडतो. नावात ‘कावळा’ असला तरी पाणकावळा या कुळातील नाही.

आढळ आणि अधिवास

भोगावती नदीवरील राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतले होते. धरणाच्या पश्चिमेस दाजीपूर असून तेथून रस्ता फोंडा घाटाकडे जातो. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले दाजीपूर अभयारण्य १९५८ मध्ये घोषित झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी वन्यजीव अभयारण्य अस्तित्वात आले. त्याचे क्षेत्र ३५१.१६ चौरस किमी आहे. २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटातील स्थळांमध्ये त्याचा समावेश होतो.

गावकावळा बाजारपेठ, एस.टी. स्थानक व उपाहारगृहांभोवती राहतो आणि मनुष्यवस्ती सोडून क्वचितच दूर जातो. डोमकावळा गावातही दिसतो. परंतु सदाहरित व निमसदाहरित जंगल, जांभ्याचे सडे आणि जंगलाच्या कडेची शेते येथेही तो वावरतो.

खाद्य आणि वर्तन

दोन्ही कावळे सर्वभक्षी आहेत. कीटक, बेडूक, सरडे, फळे, धान्य, मृत जनावरे तसेच इतर पक्ष्यांची अंडी व पिल्ले हे त्यांचे खाद्य होय. बिबट्यासारख्या श्वापदाने केलेल्या शिकारीवर डोमकावळे लवकर जमतात. त्यामुळे त्यांच्या कलकलाटावरून शिकारीची जागा लक्षात येते. घुबड किंवा ससाणा दिसताच ते गोंगाट करून त्याचा पाठलाग करतात.

डोमकावळ्याची वीण दक्षिण भारतात प्रामुख्याने डिसेंबर ते एप्रिल या काळात होते, तर गावकावळ्याची उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या तोंडावर होते. कोकीळ मादी कावळ्यांच्या घरट्यात अंडी घालते.

निरीक्षण

पावसाळ्यात अभयारण्यातील पर्यटन बंद असते. त्यानंतरचा हिवाळा निरीक्षणास सोयीचा ठरतो. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याचा आरंभ मारुती चितमपल्ली यांच्या आणि अखेर सालिम अली यांच्या जन्मदिनी होते. सकाळच्या वेळी गावापासून जंगलाकडे जाताना ठरावीक अंतरावर थांबून दोन्ही जातींची स्वतंत्र मोजणी करणे ही सोपी पद्धत आहे. दिनांक, वेळ, ठिकाण, जवळच्या वस्तीचे अंतर आणि कचऱ्याची उपस्थिती यांची नोंद ठेवावी. घरट्याजवळ जाणे किंवा कावळ्यांना खाद्य टाकून बोलावणे टाळावे.

महत्त्व आणि संवर्धन

जंगलाच्या आतील भागात गावकावळा नियमित दिसू लागल्यास तेथे उरलेले अन्न व कचरा टाकला जात असण्याची शक्यता असते. कचऱ्यावर वाढलेले कावळे आसपासच्या लहान पक्ष्यांची अंडी व पिल्लेही खातात. त्यामुळे पर्यटकांनी टाकलेल्या अन्नाचा परिणाम त्या जागेपुरता मर्यादित राहत नाही. गावकावळा माणसाबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचला असून तेथे तो उपद्रवी परकीय पक्षी ठरला आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पाचव्या अनुसूचीत गावकावळ्याची नोंद उपद्रवी प्राणी म्हणून होती. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूची रद्द झाली. मेलेली जनावरे व सडके अन्न फस्त करणारे कावळे निसर्गातील सफाईचे काम करतात. हिंदू परंपरेत पितृपक्षात आणि दहाव्या दिवशीच्या पिंडदानात कावळ्याला मानाचे स्थान आहे.