त्याच इंजिनातून जास्त शक्ती

पाथरीला स्वतःचे रेल्वे स्टेशन नाही. गाडी पकडायची तर मानवत रोड गाठावे लागते. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास सुरू झालेला मनमाड-सिकंदराबाद मार्ग प्रथम मीटर गेजचा होता. १९९० च्या दशकात या भागात तो रुंद झाला आणि पुढे कित्येक वर्षे येथून डिझेल इंजिनांच्या गाड्या धावल्या. त्यांत अमेरिकेतील ‘ॲल्को’ कंपनीच्या आराखड्यावर बांधलेल्या इंजिनांचा वाटा मोठा होता. ही इंजिने १९६२ मध्ये भारतात आली तेव्हा त्यांची शक्ती २६०० अश्वशक्ती होती. पुढे त्याच जातीचे इंजिन ३१०० अश्वशक्ती देऊ लागले. सिलिंडर तेच सोळा, व्यासही तोच. मग वाढीव ५०० अश्वशक्ती आली कोठून?

इंजिनाची शक्ती ठरते ती दर मिनिटाला किती इंधन नीट जळते यावर. जास्त इंधन जाळायचे तर जास्त हवा हवी. १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने एका कल्पनेचे पेटंट घेतले. धुराबरोबर बरीच ऊर्जा वाया जाते. त्या धुराने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या पंख्याने हवा दाबून सिलिंडरात भरायची. हाच टर्बोचार्जर. जणू फुकटात मिळालेला भाता!

पण निसर्गात फुकट काही मिळत नाही. येथे किंमत मोजावी लागते ती दाबाच्या रूपात.

शेतावरच्या पंपाचे डिझेल इंजिन आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असते. किर्लोस्करांच्या खडकीच्या कारखान्यातून १९४६ नंतर अशी इंजिने गावोगावी पोचली. त्यांत टर्बोचार्जर नसतो आणि दट्ट्या हवेला मूळ आकारमानाच्या सुमारे १७ व्या हिश्शापर्यंत दाबतो. याला संपीडन गुणोत्तर १७ आहे असे म्हणतात. उष्णता बाहेर जाऊ न देता हवा इतकी दाबली, तर तिचा दाब सुमारे ५३ पट होतो. आता याच इंजिनात टर्बोचार्जरने अडीचपट दाबाची हवा भरली तर? दाब जाईल १३२ वातावरणांवर, आणि तोही इंधन पेटण्यापूर्वी! पेटल्यावर तो आणखी वाढणार. पंपाच्या इंजिनाचे भाग यासाठी घडवलेलेच नसतात.

ॲल्को इंजिनाचे संपीडन गुणोत्तर १२.५ ठेवले होते ते यासाठीच. तीच अडीचपट दाबाची हवा येथे सुमारे ८६ वातावरणांपर्यंत पोचते. अर्थात गुणोत्तर हवे तितके उतरवता येत नाही. ते कमी केले की इंधनाच्या उष्णतेचे कामात रूपांतर कमी होते, आणि डिझेल इंजिन थंडीत सुरू व्हायला कुरकुरते.

पेट्रोलच्या मोटारींत हा पेच आणखी अवघड असतो. तेथे हवा व इंधनाचे मिश्रण फार दाबले गेले तर ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम भडकते आणि इंजिन ‘ठोके’ देते. योगायोगाने १९६२ सालीच अमेरिकेत टर्बोचार्जर बसवलेल्या दोन मोटारी विक्रीला आल्या. ‘ओल्ड्समोबिल जेटफायर’ने गुणोत्तर १०.२५ असे चढेच ठेवले आणि ठोके टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारले. मालकांना त्याची टाकी वेगळी भरावी लागे आणि अनेक जण ते विसरत. ही मोटार दोन वर्षांतच बंद झाली. ‘शेवरोले कॉर्वेअर’ने गुणोत्तर ९ वरून ८ वर आणले, क्रँकशाफ्ट अधिक मजबूत पोलादाचा केला आणि १५० अश्वशक्ती मिळवली. तिची टर्बो आवृत्ती १९६६ पर्यंत विकली गेली.

आता पुन्हा रेल्वेकडे वळू. खुद्द ॲल्को कंपनी १९६९ मध्ये बंद पडली. पण १९६४ पासून ही इंजिने वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली होती, त्यामुळे त्यांना सुधारण्याचे कामही आपल्यावरच आले. लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेने त्यांच्या चाचण्या घेतल्या. पतियाळाच्या कारखान्यात जुनी इंजिने पूर्ण उकलून ३१०० अश्वशक्तीची करून बांधण्यात आली.

त्यांतले बदल क्रमाने पाहिले की एकातून दुसरा कसा निघतो ते कळते. इंधन जास्त आणि झटपट जावे म्हणून इंधनपंपाच्या दांड्याचा व्यास १५ मिलिमीटरवरून १७ केला. त्या पंपाचा भार वाढला म्हणून कॅमशाफ्ट अधिक ताठ केला. हवा जास्त हवी म्हणून अधिक कार्यक्षम टर्बोचार्जर आला. दाबलेली हवा तापते आणि विरळ होते, म्हणून ती गार करणारा कूलर मोठा केला. उष्णता व दाब वाढल्याने ॲल्युमिनियमच्या दट्ट्याला पोलादी माथा दिला. यांतला एकच बदल करून भागले नसते. नुसता मोठा टर्बोचार्जर लावला असता तर सर्वांत दुबळा भाग आधी तुटला असता.

हे गणित वर्गात सहज करता येईल. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास सुमारे २२.९ सेंटिमीटर आहे. दट्ट्याचे क्षेत्रफळ काढायला सांगावे. ते सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर येईल. दाब १०० वातावरणे धरला तर एका दट्ट्यावर सुमारे ४१ टनांचा भार पडतो. जवळजवळ तीन भरलेल्या एसटी गाड्यांचा! मग १५ आणि १७ यांचे वर्ग काढून इंधनपंपाच्या दांड्याचे क्षेत्रफळ किती टक्के वाढले ते विचारावे. उत्तर सुमारे २८ टक्के येते. शेवटी, बदलांची यादी फळ्यावर लिहून ‘यांतला एक गाळला तर काय बिघडेल?’ हा प्रश्न टाकावा.

विद्युतीकरणामुळे ही डिझेल इंजिने आता मागे पडत चालली आहेत. विज्ञानाच्या पुस्तकांत शोध लावणाऱ्यांची नावे येतात. जुने यंत्र उकलून, प्रत्येक भागावर येणारा भार मोजून ते अधिक ताकदीने उभे करणाऱ्यांची मात्र येत नाहीत. दुरुस्ती म्हणजे हलके काम, असा समज आपल्या मुलांच्या मनात रुजतो तो येथूनच. गॅरेजमध्ये हात काळे करणारा विद्यार्थी दाब, क्षेत्रफळ आणि उष्णता यांच्याशी रोज झुंजत असतो. त्याच्या कामातले भौतिकशास्त्र त्याला दाखवून देणे शिक्षकांच्या हाती आहे.