मॅट्रिकचे गुण आणि रामानुजन

प्रवेशपरीक्षेंत वर आलेला विद्यार्थी कॉलेजांतहि वर राहील, अशी सर्वांचीच अपेक्षा असते. मद्रास विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेंत श्रीनिवास रामानुजन उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाला, आणि १९०४ सालीं शिष्यवृत्ति मिळवून कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजांत दाखल झाला. ती शिष्यवृत्ति लवकरच गेली!

परीक्षकांस दोष देणें मात्र अन्यायाचें होईल. सर्व विषय जपणारा मुलगा त्यांनीं पाहिला, आणि तोंवर तो तसा होताहि. पण शाळेच्या अखेरीस कार नांवाच्या इंग्रज शिक्षकाचा एक ग्रंथ त्याच्या हातीं पडला होता. हजारों गणितसिद्धांतांची ती जंत्री. सिद्धता बहुतेक नाहींतच. त्या स्वतः शोधण्याचा त्याला असा ध्यास लागला कीं, इंग्रजीसारखे सक्तीचे विषय उघडण्यास सवड उरली नाहीं. पुढें मद्रासला पचय्यप्पा कॉलेजांत त्यानें पुन्हा प्रयत्न केला. पण १९०७ सालींहि एफ्. ए.ची परीक्षा साधली नाहीं. पाटीवर मात्र गणित अहोरात्र चालूच होतें.

१९१२ सालीं मद्रासच्या बंदर कचेरींत दरमहा तीस रुपयांवर कारकुनी पत्करावी लागली. पुढल्याच वर्षीं केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांना त्याचीं प्रमेयें पटलीं, आणि ज्या विद्यापीठाच्या परीक्षेंत तो नापास झाला होता, त्याच विद्यापीठानें पदवी नसलेल्या या कारकुनास दरमहा पंचाहत्तर रुपयांची संशोधनवृत्ति दिली.