रिकामी केबिन आणि हिवाळ्यातली बोट



सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या प्रत्येकाच्या फोनवर एक निरोप हमखास फिरतो. "अमुक क्रूझ अर्ध्या भाड्यात मिळतेय, कोण कोण येतंय?" मग कोणीतरी विचारतं, "इतकं स्वस्त का? काहीतरी भानगड असणार." आज आपण ह्या प्रश्नाचा इतिहास बघू. हे दर पाडून मिळणारं तिकीट आजकालच्या वेबसाइटवाल्यांनी शोधलेलं नाही. सहलीच्या बोटींचा धंदा उभा राहिला तोच मुळी ऑफ सीझनच्या अडचणीतून.

चला, जर्मनीतल्या हॅम्बुर्गला. साल १८९१. तिथल्या 'हापाग' ह्या कंपनीच्या मोठाल्या आगबोटी युरोपातून न्यूयॉर्कला जायच्या. उन्हाळ्यात गर्दी असायची. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळलेला, थंडी कडाक्याची, आणि हौसेने प्रवास करणारं कोणी नाही. बोट मात्र धक्क्याला बांधून ठेवली तरी खर्च खातेच. कर्जाचं व्याज, खलाशांचे पगार, रंगरंगोटी काही थांबत नाही.

कंपनीच्या प्रवासी विभागाचा कारभार अल्बर्ट बालिन नावाचा गृहस्थ बघत होता. वडिलांचा धंदा अमेरिकेला निघालेल्या लोकांची तिकिटं काढून देण्याचा, त्यामुळे कोण कधी आणि का बोटीत चढतो हे त्याला लहानपणापासून ठाऊक. त्याने ठरवलं, की प्रवासी थंडीत बोटीकडे येत नसतील तर बोटच उन्हाकडे नेऊ. २२ जानेवारी १८९१ रोजी 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही बोट २४१ प्रवासी घेऊन कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे निघाली. जवळजवळ दोन महिन्यांची सहल होती. स्वतः बालिनही बोटीवर होता. त्याआधीही कोणी कोणी सहलीसाठी बोटी नेल्या होत्या, पण मोठी बोट रिकाम्या हंगामात सहलीला लावायची ही पद्धत ह्या फेरीनंतर रुजली.

एक गोष्ट लक्षात घ्या. ही सहल स्वस्त नव्हती. बोटीवर श्रीमंत मंडळी होती. ऑफ सीझनचा पहिला फायदा कंपनीने घेतला. तो तुमच्या-माझ्यासारख्यांपर्यंत यायला अजून तीसेक वर्षं जायची होती.

एमबीएच्या वर्गात आम्हाला एक साधं तत्त्व शिकवलं होतं. दुकानात साडी आज विकली गेली नाही तर उद्या विकता येते, पण बोट सुटली की रिकाम्या केबिनची किंमत कायमची शून्य. बोट तर जाणारच, इंधन जळणारच. मग शेवटच्या केबिनसाठी जे मिळेल ते मिळालेलं बरं. विमान कंपन्यांनी १९८० च्या दशकात संगणक लावून ह्याचं शास्त्र केलं. बोटवाले मात्र हे गणित संगणकाशिवाय आधीपासून करत होते.

१९२४ साली अमेरिकेने स्थलांतराचा कडक कायदा केला. हिंदुस्थानातून येणाऱ्यांना तर दार बंदच होतं. आता दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या गरिबांवरही मर्यादा आली. बोटींचा तिसरा वर्ग ह्याच लोकांनी भरायचा, तो एकदम ओस पडला. कंपन्यांनी काय केलं? त्याच जागा जरा नीटनेटक्या केल्या, 'टुरिस्ट थर्ड' असं नाव दिलं आणि युरोप बघायला निघालेल्या अमेरिकी शिक्षकांना नि विद्यार्थ्यांना कमी भाड्यात विकल्या. एकाचं दार बंद झालं आणि दुसऱ्याची सहल स्वस्त झाली. आपण स्वतः स्थलांतरित आहोत, म्हणून हा तपशील आपण विसरू नये.

मग आली मंदी. अमेरिकेत दारूबंदीही चालूच होती. परदेशी झेंड्याच्या बोटी किनाऱ्यापासून लांब गेल्या की त्यांचे बार उघडत. न्यूयॉर्कहून निघायचं, समुद्रावर चार घोट घ्यायचे आणि परत यायचं, अशा लहान, स्वस्त फेऱ्या सुरू झाल्या. त्यात 'बेरेंगारिया' नावाचं एक जहाज होतं. लोकांनी नावाची मोडतोड करून त्याला 'बार्गेन-एरिया' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे स्वस्त मालाचा कोपरा! गंमत अशी, की हे जहाज मूळचं बालिनच्याच कंपनीचं. १९१३ मध्ये पहिल्या फेरीवर निघालं तेव्हा 'इम्पेरातोर' ह्या नावाने ते जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी जहाज होतं. पहिल्या महायुद्धानंतर ते ब्रिटिशांकडे गेलं. युद्ध हरल्यावर, ९ नोव्हेंबर १९१८ रोजी बालिन गेला. त्याच्या ह्या जहाजाचं पुढे काय झालं, ते त्याला दिसलं नाही.

१९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि पाच-सहा दिवसांची वाट काही तासांवर आली. अटलांटिकच्या बोटी उरल्या त्या सहलीपुरत्या. 'फ्रान्स' हे डौलदार जहाज १९८० पासून 'नॉर्वे' ह्या नावाने मायामीहून कॅरिबियनच्या सहली करू लागलं.

आता तुमच्या कामाचं. आजही बोटी हंगामामागे धावतात. हिवाळ्यात कॅरिबियन, उन्हाळ्यात अलास्का नाहीतर भूमध्य समुद्र. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला त्या एका समुद्रातून दुसऱ्यात जातात. ही फेरी करावीच लागते, म्हणून रोजच्या हिशेबाने ती बरीचदा स्वस्त पडते. पण ती एकेरी असते. परतीचं विमानभाडं धरूनच बेरीज करा.

कॅरिबियनमध्ये भाव पडतात ते ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, आणि पुन्हा थँक्सगिव्हिंग ते नाताळ ह्यांच्या मधे. शाळकरी मुलं असलेल्यांनी एक बघावं. अमेरिकेच्या दक्षिणेत बऱ्याच शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडतात, तर न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे 'लेबर डे'नंतर. त्यामुळे तिकडची मुलं वर्गात बसलेली असताना इकडच्यांना ऑगस्टअखेरचा आठवडा मोकळा मिळतो. आणि हेही पाहा, की बंदराचे कर आणि नोकरवर्गाची बक्षिशी हंगाम बघून कमी होत नाहीत. भाडं अर्धं झालं म्हणजे खर्च अर्धा झाला असं नव्हे.

आईबाबा इकडे आले असतील तर सप्टेंबरातली अलास्काची फेरी चांगली. फक्त एक जुना कायदा आडवा येतो. १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या बोटीला वाटेत परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून सिएटलची बोट कॅनडात व्हिक्टोरियाला थांबते, आणि भारतीय पासपोर्टवर फिरायला आलेल्या आईबाबांना कॅनडाचा व्हिसा लागतो. अमेरिकेच्या व्हिसावर पुन्हा आत येता येईल ना, हेही पैसे भरण्याआधी तपासा.

शेवटी त्या "भानगड काय" ह्या प्रश्नाकडे येतो. कोकणातल्या माणसाला ऑफ सीझन समजावून सांगावा लागत नाही. पावसाळा लागला की दर्या बंद, तो नारळी पौर्णिमेपर्यंत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट ऐन पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आजच्या क्रूझची तुलना त्या बोटीशी करू नका. आता वादळ दिवस आधी दिसतं आणि कप्तान वाट बदलतो. पण वाट बदलते म्हणजे तुम्ही ठरवलेलं बंदरही बदलू शकतं, आणि तिकिटाच्या अटींमध्ये कंपनीने तो हक्क राखून ठेवलेला असतो. सप्टेंबर हा अटलांटिकच्या वादळांचा ऐन महिना. स्वस्त तिकिटात ही अनिश्चितता धरलेली असते.

मुलांना समुद्र बघायचा असेल तर खुशाल जा. पण ऐंशीच्या घरातल्या वडिलांना एखादं ठरावीक ठिकाण डोळे भरून बघायचंच असेल, तर थोडे जास्त पैसे मोजून हंगामातलं तिकीट काढा. आधी भाडं कमी का झालंय ते विचारा, आणि ते कारण आपल्या घराला चालणारं आहे का ते ठरवा.

पुढच्या भागात भेटूच. तोवर नमस्कार.