येसूबाईंची कैद आणि १७१९ च्या सनदा

मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धातील स्त्रियांचा विचार बहुधा रणांगणापाशी येऊन थांबतो. त्यामुळे १७०० नंतर मोगलांशी झुंज चालविणाऱ्या ताराबाईंना इतिहासग्रंथांत प्रकरणे मिळतात, तर जवळजवळ तीस वर्षे शत्रूच्या ताब्यात काढलेल्या येसूबाईंच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो.

११ मार्च १६८९ रोजी त्यांचे पती संभाजीराजे यांची हत्या झाली आणि इतिकादखानाने, म्हणजे पुढे झुल्फिकारखान या किताबाने गाजलेल्या सरदाराने, रायगडाला वेढा घातला, तेव्हा येसूबाईंचे पुत्र शाहूराजे जेमतेम सात वर्षांचे होते. वारसा मुलाचा असूनही येसूबाईंनी धाकटे दीर राजाराम यांना पुढे केले, आणि सारे राजकुटुंब एकाच किल्ल्यात अडकू नये म्हणून त्यांना गडाबाहेर पाठवून स्वतः मुलासह मागे राहणे पत्करले. या निर्णयाला मातेचा त्याग म्हणण्याची प्रथा आहे. परंतु ‘श्री सखी राज्ञी जयति’ ही स्वतःची मुद्रा वापरून कारभार पाहिलेल्या राणीचा तो राजकीय हिशेब होता, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

नोव्हेंबरात रायगड पडला. औरंगजेबाने शाहूराजांना सात हजारी मनसब, म्हणजे वरच्या श्रेणीचा दरबारी हुद्दा, दिला, पण मायलेकांना ठेवले ते गुलालबारात, म्हणजे बादशाही डेऱ्यांभोवती लाल कनाती लावून आखलेल्या आवारात. छावणीचा तळ हलला की कैदही हलत असे. १७०७ मध्ये बादशहा वारल्यावर त्याच्या मुलाने, आझमशाहाने, शाहूराजांना सोडले, मात्र येसूबाईंना ओलीस, म्हणजे कराराची जिवंत हमी, म्हणून अडकवून ठेवले.

शाहूराजांचे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी दख्खनचा मोगल सुभेदार सय्यद हुसेन अली याच्याशी जी बोलणी केली, तींत चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी, म्हणजे त्यावरचा दहा टक्के हक्क, यांच्या जोडीला राजकुटुंबाच्या सुटकेचे कलमही होते. १७१९ मध्ये मराठी फौज दिल्लीहून परतली, ती या सनदा आणि येसूबाई यांना घेऊन. पाठ्यपुस्तकांत मात्र सनदाच तेवढ्या उरल्या.

राजस्त्रियांना अडकवून ठेवण्याची रीत एकट्या मोगलांची नव्हती. १७३० मध्ये वारणाकाठी राजारामांचे पुत्र कोल्हापूरकर संभाजीराजे यांचा पाडाव झाला, तेव्हा त्यांच्या राणी जिजाबाई आणि सावत्र आई ताराबाई सातारकरांच्या, म्हणजे शाहूराजांच्या पक्षाच्या, हाती लागल्या. जिजाबाईंची सन्मानाने पाठवणी झाली आणि १७३१ च्या तहाने वारणा ही दोन्ही राज्यांची हद्द ठरली. ताराबाई मात्र साताऱ्यासच राहिल्या, अठरा वर्षे बादशाही कैदेत काढलेल्या शाहूराजांच्या नजरेखाली.