ॲनिमेचे गाणे विकत घेताना : आवृत्ती, दर्जा आणि हक्क

महिन्याची वर्गणी भरली की हवे ते संगीत कानाशी येते. अशा काळात एकेका गाण्याचे वेगळे पैसे मोजणारा ॲनिमे चित्रपटांचा चाहता लोकांना गमतीचा विषय वाटतो. हौसेला मोल नाही, एवढे म्हणून त्याला सोडून दिले जाते. पण ही हौस जवळून पाहिली तर तिच्यात बरीच शिस्त सापडते. चाहता गाण्याची एक ठरावीक आवृत्ती घेतो, आणि ती कोणती हे तो चित्रपट कसा बनला यावरून ठरवतो. ही त्याची निवड बहुधा बरोबर असते. तो फसतो तो दुसरीकडे, दर्जाच्या आकड्यांपाशी. दोन्हींची कारणे जपानी चित्रपटसंगीताच्या घडणीत आणि व्यापारात आहेत.

आपल्याकडच्या श्रोत्याने आधी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. हिंदी-मराठी चित्रपटात गाणे आधी ध्वनिमुद्रित होते आणि मग पडद्यावरचे पात्र त्यावर ओठ हलवते. बाजारात यायचे ते हे गाणे. दोन गाण्यांच्या मधले पार्श्वसंगीत बहुतेक वेळा चित्रपटातच राहून जायचे. त्याची तबकडी किंवा कॅसेट निघणे हा अपवाद. ॲनिमेत पात्रे सहसा गात नाहीत. गाणे सुरुवातीला, शेवटी किंवा एखाद्या वेगवान दृश्यमालिकेखाली येते. पार्श्वसंगीत मात्र अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यासकट, प्रत्येकाला क्रमांक आणि नाव देऊन, ‘ओरिजिनल साउंडट्रॅक’ म्हणून विकले जाते. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये (२००१) नायिका चिहिरो पाण्यावरून धावणाऱ्या आगगाडीत गप्प बसून जाते. त्या प्रसंगाच्या संगीताला ‘सहावे स्थानक’ असे स्वतःचे नाव आहे आणि ते एकटे विकत घेता येते. ‘ते गाडीतले संगीत’ म्हणून दुकानदाराला गुणगुणून दाखवायची वेळ येत नाही.

संगीतकार जो हिसाइशी आणि दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या कामाची रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ‘नाउसिका’चे (१९८४) काम चालू असताना हिसाइशींनी कथेवरून आणि पात्रांवरून एक ‘इमेज अल्बम’ केला. तो १९८३ मध्ये, चित्रपटाच्या आधीच, बाजारात आला. चित्रपटाचे संगीत कोणाकडे द्यायचे ते तेव्हा ठरलेले नव्हते. निर्माते इसाओ ताकाहाता यांना अल्बम पटला आणि काम हिसाइशींकडे आले. पुढे हा पायंडाच पडला: आधी इमेज अल्बम, मग चित्रपटाला मापून बसवलेला साउंडट्रॅक, आणि काही चित्रपटांच्या वाट्याला त्याच चालींवर वाद्यवृंदासाठी बांधलेली मोठी रचना. ‘तोतोरो’ (१९८८) पडद्यावर यायच्या आधी, १९८७ मध्ये, त्याचाही गाण्यांचा इमेज अल्बम निघाला होता. एकाच चालीची अशी तीन रूपे होतात. इमेज अल्बममध्ये चाल मोकळी फिरते, कारण तिच्यासमोर अजून चित्र नसते. साउंडट्रॅकमध्ये ती सेकंदांना बांधलेली असते. पात्राने दार उघडले की तिला थांबावेच लागते. निव्वळ ऐकायचे तर मला इमेज अल्बम सरस वाटतो. पण बहुसंख्य चाहते साउंडट्रॅकच घेतात आणि त्यांचे बरोबर आहे. त्यांना चाल हवी असते तितकेच ते उघडणारे दारही हवे असते.

माकोतो शिनकाई यांच्या ‘युअर नेम’ने (२०१६) हा आवृत्त्यांचा प्रश्न आणखी टोकाला नेला. रॅडविम्प्स हा रॉक बँड आणि दिग्दर्शक यांनी दीडएक वर्ष एकमेकांकडे कच्चे काम पाठवत ही गाणी घडवली. कधी दृश्याप्रमाणे गाणे बदलले, कधी गाण्याप्रमाणे दृश्याची लांबी. ‘झेनझेनझेन्से’ वाजू लागते तेव्हा ताकी आणि मित्सुहा या नायक-नायिकेच्या शरीरांची अदलाबदल होत आहे, दोघे एकमेकांच्या फोनमध्ये नोंदी ठेवत आहेत आणि नियम मोडले म्हणून एकमेकांवर वैतागत आहेत. ही सगळी गंमत त्या गाण्याच्या ठेक्यावर कापलेली आहे. चित्रपटाच्या अल्बममध्ये आहे ते या गाण्याचे ‘मूव्ही व्हर्जन’. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बँडचा स्वतःचा अल्बम आला, त्यात ‘ओरिजिनल व्हर्जन’. ‘स्पार्कल’चे चित्रपटातले रूप जवळजवळ नऊ मिनिटांचे आहे. ‘नान्देमोनाइया’ तर एकाच अल्बममध्ये दोनदा येते, एकदा छोटे आणि एकदा पूर्ण. पुढे २०१७ मध्ये बँडने ही गाणी इंग्रजीतही गाऊन काढली. बाहेरच्या माणसाला ही एकाच मालाची पुन्हा पुन्हा विक्री वाटेल, आणि व्यापाऱ्याच्या बाजूने ती तशी आहेही. तरी ज्याला तो प्रसंग हवा आहे त्याला ओरिजिनल व्हर्जन देऊन चालत नाही. कापणीची जागा चुकते, आणि डोळ्यांपुढचे चित्र एक ताल आधी संपते.

खरेदीची वेळही व्यापाराने आखलेली आहे. जपानमध्ये नव्या सीडी प्रथेने बुधवारी निघतात, चित्रपट शुक्रवारी लागतात. ‘युअर नेम’चा अल्बम २४ ऑगस्टला आला आणि चित्रपट २६ ऑगस्टला. ‘डीमन स्लेयर : मुगेन ट्रेन’ १६ ऑक्टोबर २०२० ला लागला, लिसा या गायिकेचे ‘होमुरा’ १२ तारखेला फाइल म्हणून आणि १४ तारखेला सीडी म्हणून मिळू लागले होते. त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड अवॉर्डचा सर्वोच्च सन्मान याच गाण्याला मिळाला. काही चाहते गाणे पाठ करून थिएटरात गेले, काही जण मुद्दाम न ऐकता गेले आणि बाहेर पडताच विकत घेतले. हा काही अटळ नियम नव्हे; शिनकाईंच्याच ‘वेदरिंग विथ यू’चा (२०१९) अल्बम चित्रपटाच्या दिवशीच निघाला.

गाणे आणि चित्रपट यांची इतकी घट्ट सांगड बसण्यामागे कलेइतकेच पैशाचे कारण आहे. ॲनिमेचा खर्च बहुधा ‘निर्मिती समिती’ उचलते: प्रकाशक, वाहिनी, खेळणी बनवणारे, ध्वनिमुद्रण कंपनी असे अनेक भागीदार एकत्र येतात आणि आपापल्या मालाचे हक्क घेतात. ‘डीमन स्लेयर’मागची ॲनिप्लेक्स ही सोनी म्युझिकच्या जपानी शाखेचीच कंपनी आहे. मालिकांचे शीर्षकगीत सहसा दीड मिनिटाचे असते. त्या दीड मिनिटालाही ‘टीव्ही साइझ’ म्हणून दुकानात वेगळी किंमत लागते.

इथपर्यंत चाहत्याचा कान शाबूत आहे. पुढे दर्जाची पाटी येते.

चार मिनिटांचे गाणे २५६ केबीपीएसच्या एएसी फाइलमध्ये सुमारे ८ एमबी होते. सीडीच्या दर्जाचे, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचे तेच गाणे न दाबता ४२ एमबी भरते. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या ‘हाय-रेझ’ रूपात ते १३८ एमबी होते. फ्लॅक पद्धतीने काहीही न गमावता दाबले तर यातला बराच भार कमी होतो. मोरा या जपानी दुकानाने २०१३ मध्ये हाय-रेझ फाइली विकायला सुरुवात केली आणि ॲनिमेचे चाहते त्यांचे उत्साही गिऱ्हाईक ठरले. आता हिशेब पाहू. ध्वनीचे नमुने ज्या वेगाने घेतले जातात त्याच्या निम्म्यापर्यंतची कंप्रता अचूक परत मिळते. सीडीची मर्यादा त्यामुळे २२.०५ किलोहर्ट्झ. माणसाचा कान तरुणपणी २० पर्यंत पोचतो आणि वयाबरोबर खाली येतो. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांत ९६ डेसिबलचे अंतर मावते, आणि पुण्या-मुंबईच्या घरात पंखा चालू असताना त्यातले निम्मेही हाताशी लागत नाही.

यावर चाहत्यांकडे एक तयार उत्तर असते आणि ते खुद्द ॲनिमेच्याच इतिहासातून येते. कात्सुहिरो ओतोमो यांच्या ‘अकिरा’चे (१९८८) संगीत गेइनो यामाशिरोगुमी या समूहाने केले. बालीतली बांबूची वाद्ये, नो नाट्याचे स्वर आणि समूहगान यांची ती दणकट सरमिसळ आहे. समूहाचे प्रमुख शोजी यामाशिरो म्हणजे शास्त्रज्ञ त्सुतोमु ओहाशी. कानाला ऐकू न येणारी उच्च कंप्रता ऐकू येणाऱ्या संगीतासोबत आली तर मेंदूवर परिणाम होतो, असा प्रबंध त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘जर्नल ऑफ न्यूरोफिजिऑलॉजी’त प्रसिद्ध केला; प्रयोगाला गमेलान संगीत वापरले होते. ‘अकिरा’च्या ब्लू-रे आवृत्तीत जपानी ध्वनिपट्टा २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचा आहे तो याच धारणेतून. चित्रपटाचा संगीतकारच सांगतो आहे, मग आणखी काय पुरावा हवा?

पुरावा हवाच. इतरांच्या प्रयोगांत हा परिणाम खात्रीने पुन्हा मिळालेला नाही. शिवाय ओहाशींच्याच गटाचा २००६ चा प्रबंध चाहते सहसा सांगत नाहीत. त्यात असे निघाले की ही उच्च कंप्रता फक्त इअरफोनमधून कानात सोडली तर परिणाम दिसत नाही. ती स्पीकरमधून अंगावर यावी लागते. लोकलमध्ये हेडफोन लावून हाय-रेझ ऐकणाऱ्याला त्या सिद्धांताचा आधार सिद्धांतकारानेच ठेवलेला नाही. तरीही हाय-रेझ फाइल कधीकधी खरोखरच चांगली वाजते. त्याचे कारण साधे आहे. तिचे मास्टरिंग, म्हणजे विक्रीआधीचा शेवटचा ध्वनिसंस्कार, अनेकदा वेगळे केलेले असते, आवाजातले चढउतार कमी दाबलेले असतात. म्हणजे ऐकू येतो तो फरक पुन्हा आवृत्तीचाच, किलोहर्ट्झचा नव्हे. हेच मास्टरिंग १६ बिटांत उतरवून दिले तर कान दोघांत निवड करू शकणार नाही. जास्तीचे येन मोजायचेच असतील तर नव्या मास्टरिंगसाठी मोजावेत.

उरला हक्काचा प्रश्न. ॲपलच्या आयट्यून्स दुकानातली गाणी सुरुवातीला कुलूपबंद होती, ठरावीक संगणकांवरच वाजत. २००९ मध्ये हे कुलूप निघाले. जपानच्या दुकानात त्यासाठी २०१२ उजाडले. कुलूप गेले तरी मालकी आली असे नाही. वापरलेल्या आयट्यून्स फाइली पुढे विकू देणाऱ्या रेडिजी या कंपनीविरुद्ध अमेरिकी न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला आणि अपिलातही २०१८ मध्ये तो कायम राहिला. जुनी सीडी रद्दीवाल्याला देता येते, फाइल देता येत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने डिजिटल माल ‘विकत घ्या’ म्हणून खपवताना तो फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे भाग केले आहे. ज्या फाइली कायमच्या उतरवून घेता येतात त्या मात्र यातून वगळल्या आहेत. चाहत्याची ‘विकत घेतले की लगेच डाउनलोड’ ही सवय कायद्यालाही मान्य आहे म्हणायची.

दुकाने बंद पडतात हे भारतातल्या ग्राहकाला वेगळे सांगायला नको. फ्लिपकार्टचे ‘फ्लाइट’ हे गाण्यांचे दुकान २०१२ मध्ये उघडले आणि पुढच्याच वर्षी मिटले. ॲपलचे दुकान इथे डिसेंबर २०१२ मध्ये आले, गाणी ७ ते १५ रुपयांना. मोरा तर जपानबाहेरच्या गिऱ्हाइकाला विकतच नाही, कारण ध्वनिमुद्रणाचे हक्क देशागणिक वेगळे दिले जातात. जिबली या मियाझाकींच्या स्टुडिओचे ३८ अल्बम जगभरच्या स्ट्रीमिंग सेवांवर आले ते २०२० च्या फेब्रुवारीत. तोवर इकडचा चाहता परदेशातल्या नातलगाकडून सीडी मागवायचा किंवा तोंड मिटून चोरीची फाइल ऐकायचा. ‘वेदरिंग विथ यू’ भारतातल्या थिएटरांत ऑक्टोबर २०१९ मध्ये लागला तोही पन्नास हजारांवर सह्यांची मागणी झाल्यावर.

पैसे भरून, फाइल उतरवून झाली तरी काम संपत नाही. एका दुकानातून आलेल्या फाइलवर संगीतकाराचे नाव जपानी कान्जी लिपीत असते, दुसऱ्यावर रोमन लिपीत, तिसऱ्यावर आडनाव आधी. फोनमध्ये मग हिसाइशी तिघे होतात आणि ‘तोतोरो’चा अल्बम त्यांच्यात वाटला जातो. हे सगळे हाताने एका नावाखाली आणायचे, क्रमांक लावायचे, साल घालायचे. आणि दुकानाने शीर्षकातून ‘मूव्ही व्हर्जन’ हे शब्द गाळले असतील तर तेही पुन्हा लिहायचे, नाहीतर सहा महिन्यांनी दोन ‘झेनझेनझेन्से’ एकाखाली एक दिसतात आणि त्यातले कोणते पडद्यावरचे, हे प्रत्येक वेळी वाजवून पाहावे लागते.